रजेचे चार दिवस आणि समुद्राचा काठ

या व्यासपीठावर कामगार चळवळीतील माणसाला पाचारण केले की तो पगार, बोनस, टाळेबंदी आणि संप यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती चुकीची नाही. आमचे सारे आयुष्य याच विषयांत गेले आहे. आज मात्र आम्ही निवडलेला विषय वरवर पाहता अगदी घरगुती आहे. लहान मुलांना बरोबर घेऊन समुद्रकाठी राहुटी ठोकून तीनचार दिवस कसे राहावे, हा तो विषय होय. कामगाराच्या हक्काशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते संबंध अगदी जवळचा आहे. हक्क मिळवणे हे अर्धे काम, तो वापरावयास शिकणे हे उरलेले अर्धे. पहिल्या अर्ध्यावर आम्ही पुष्कळ भाषणे केली. दुसऱ्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

कारखान्यांच्या दारांवर उभे राहून आम्ही एक गोष्ट वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. कामगाराला भरपगारी रजा मिळते, पण ती रजा म्हणून फार थोडे लोक घेतात. काही दिवस लग्नकार्यात जातात, काही आजारपणात, काही गावच्या जमिनीच्या खेट्यांत. उरलेले दिवस साठवले जातात आणि वर्षअखेरीस विकले जातात. त्या पैशांत मुलांची फी भरली जाते, घरात एखादी वस्तू येते; त्याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. परंतु रात्रपाळीचा कामगार आपल्या मुलांना बहुधा झोपलेलीच पाहतो. तो घरी येतो तेव्हा मुले शाळेत निघालेली असतात, आणि मुले घरी येतात तेव्हा तो अंथरुणावर असतो. अशा माणसाने रजा विकली म्हणजे काय विकले, हा प्रश्न आम्ही आपल्यापुढे ठेवू इच्छितो.

ही रजा कोणी दान दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, तेव्हा आठवड्याची ठरलेली सुट्टीसुद्धा कामगाराच्या नशिबी नव्हती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगार जमले, दोन कामगार स्त्रियांनीही तेथे भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी आपण निवांत चहा घेतो, त्या चहामागे ही सभा आहे. परंतु एक दिवसाची सुट्टी कपडे धुण्यात आणि बाजारहाटात संपते. सलग काही दिवस काम नाही आणि पगार मात्र चालू, ही कल्पना रुजावयास आणखी पन्नास वर्षे लागली.

या कल्पनेचा सर्वांत मोठा विजय फ्रान्समध्ये झाला. १९३६ च्या मे-जून महिन्यांत तेथील कामगारांनी कारखान्यांत बसून संप केले. लेओं ब्लुम यांचे सरकार नुकतेच अधिकारावर आले होते. त्या सरकारने जून १९३६ मध्ये कायदा करून प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. पण कायदा झाला म्हणून माणूस गावाला जात नाही; तिकिटाला पैसे लागतात. हे ओळखून लेओ लाग्रांज या तरुण मंत्र्याने रेल्वेकडून कामगारांसाठी ४० टक्के सवलतीचे तिकीट मिळवले. त्या एका उन्हाळ्यात सहा लाखांच्या आसपास लोक त्या तिकिटावर प्रवासाला निघाले. कित्येकांनी तर दोघांच्या सायकलीवर राहुटी बांधली आणि समुद्राची वाट धरली. आयुष्यभर कोळशाच्या आणि पोलादाच्या गावात राहिलेल्या माणसांनी त्या वर्षी प्रथमच समुद्र पाहिला. किनाऱ्यावरच्या बंगलेवाल्यांना ही गर्दी आवडली नाही, त्यांनी नाके मुरडली. समुद्र मात्र सर्वांना सारखाच भिजवीत होता.

त्याच १९३६ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने वर्षाच्या नोकरीनंतर निदान सहा दिवसांची भरपगारी रजा असावी, असा करार संमत केला. आपल्याकडे १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन प्रौढ कामगाराला दहा दिवसांची भरपगारी रजा आली. आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस, असे मोजमाप ठरवले. २०२० च्या संहितेने या २४० दिवसांचे १८० केले आहेत. १९४८ च्या कायद्यात एक कलम असे होते की, ते वाचताना आम्हांला नेहमी समाधान वाटे. निदान चार दिवसांची रजा मंजूर झाली, तर त्या दिवसांचा पगार रजा सुरू होण्यापूर्वीच कामगाराच्या हाती द्यावा, असे ते कलम सांगे. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घरात लोळत पडलेला कामगार नव्हता. बायकामुलांना घेऊन स्टँडवर उभा असलेला कामगार होता. रिकाम्या खिशाने सुट्टी होत नाही, हे त्याला ठाऊक होते.

ज्यांना ही रजाच मिळत नाही, अशांची संख्या आज मोठी आहे. आवश्यक दिवस भरण्याच्या आत कामावरून कमी करावयाचे आणि थोड्या दिवसांनी नव्या नावाने परत घ्यावयाचे, ही कंत्राटी पद्धतीतील युक्ती आम्ही जवळून पाहिली आहे. त्यांची लढाई वेगळी आहे आणि ती चालूच राहील. पण ज्यांच्या पदरात हक्क पडला आहे त्यांनी तो विकून टाकला, तर ज्यांना तो नाही त्यांच्यासाठी भांडताना आमच्या तोंडात जोर राहत नाही. तुमच्या जुन्या कामगारांना तरी रजा कोठे हवी असते, असे समोरचा हसून विचारतो.

आता समुद्रच का आणि राहुटीच का, ते सांगतो. समुद्राला तिकीट नाही. तेथे तीन वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या आजीपर्यंत प्रत्येकाला करमण्यासारखे काही ना काही असते आणि त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. एस. टी. कोकणात बहुतेक किनाऱ्यांजवळ पोहोचते. मुलांना अर्धे तिकीट आहेच, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांनाही तिकीट अर्धे झाले आहे. खर्च वाढतो तो खोलीच्या भाड्यापायी आणि हॉटेलच्या जेवणापायी. राहुटी ही दोन्ही ओझी हलकी करते. आमच्या युनियनमधील सात कुटुंबांनी मिळून पाच राहुट्या घेतल्या. ज्याला जावयाचे असेल त्याने त्या न्याव्यात, वाळवून आणि झाडून परत द्याव्यात, असा शिरस्ता घातला. राहुटी विकत न घेताही भागते. चांगली ताडपत्री, दोन बांबू आणि सुताची मजबूत दोरी असली तरी एका कुटुंबाचा निवारा उभा राहतो.

काळ निवडण्यात मात्र गफलत होऊ देऊ नये. शाळांना सुट्टी मे महिन्यात असते, म्हणून सारे लोक मेमध्येच धावतात. त्या वेळी कोकणात घामाने जीव नकोसा होतो, दुपारची वाळू पायांना पोळते, आणि महिना सरत येतो तसा समुद्रही चवताळू लागतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारीला बंदी असते. कोळी ज्या समुद्रात होडी घालीत नाही, त्यात आपण मुले घालू नयेत, इतका साधा हा नियम आहे. सर्वांत चांगले दिवस दिवाळीच्या सुट्टीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे. मेमध्येच जाणे भाग असेल, तर पहिल्या पंधरवड्यात जावे आणि दहा ते चार मुलांना सावलीत ठेवावे.

राहुटीची जागा कोणती? पुळणीवर पाण्याच्या जवळ तर मुळीच नव्हे. भरतीचे पाणी जेथवर येऊन परत जाते तेथे सुकलेले शेवाळ, शिंपले, काटक्या यांची एक रेघ पडलेली दिसते. ती समुद्राने स्वतः आखलेली हद्द होय. पण ती कालच्या भरतीची हद्द असते. उधाणाचे पाणी तिच्याही पुढे येते. म्हणून त्या रेघेच्या बरेच वर, वाळूच्या उंचवट्यापलीकडे मुक्काम करावा. सुरूच्या बनाची कड किंवा एखाद्याच्या वाडीतील मोकळी जागा उत्तम. मात्र वाडीच्या मालकाला विचारून, आणि मोकळा किनारा असेल तर ग्रामपंचायतीत सांगून. नारळाच्या झाडाखाली राहुटी ठोकू नये. चित्रात ती शोभते, पण वरून पडणारा नारळ किंवा झावळी खाली मूल आहे की नाही ते पाहत नाही. सुरूच्या बनात चूल पेटवू नये. तेथील वाळलेला पाचोळा क्षणात पेट घेतो. स्टोव्ह न्यावा आणि तो राहुटीच्या बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला ठेवावा.

वाळूत खुंट्या टिकत नाहीत, ही पहिल्यांदा जाणाऱ्याची नेहमीची तक्रार. त्यावर उपाय सोपा आहे. धान्याच्या रिकाम्या पिशव्या न्याव्यात, त्यांत वाळू भरावी, तोंडाला दोरी बांधून त्या हातभर खोल पुराव्यात आणि वर वाळू दाबावी. खुंटी उपटते, पण पुरलेली पिशवी उपटत नाही. दिवसा वारा समुद्रावरून येतो, रात्री जमिनीवरून. खारे वारे आणि मतलई वारे म्हणून शाळेत शिकलो ते हेच. तेव्हा राहुटीची पाठ समुद्राकडे आणि दार बाजूला ठेवले, की दिवसभर वाळू आत येत नाही.

आता भरती-ओहोटीचा हिशेब. यासाठी यंत्र नको, पाऊणकी पुरे. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. त्यांतील पाऊणकीचा येथे उपयोग होतो. आपल्या किनाऱ्यावर त्या दिवशीची तिथी घ्यावी, तिची पाऊणपट करावी, की भरती पुरी होण्याची वेळ साधारणपणे मिळते. समजा, आपण पंचमीला पोहोचलो. पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती पूर्ण, आणि त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, पौर्णिमेला आणि अमावस्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. यात अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो, म्हणून गावातील कोळ्याला एकदा विचारून घ्यावे. यामागचे कारण असे की, भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते आणि चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. तेवढीच भरतीही रोज पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाणाची भरती होते. अष्टमीच्या सुमारास त्या एकमेकींना छेद देतात, तेव्हा भांगाची. मुंबई-अलिबागकडे उधाणाचे पाणी साडेचार मीटरपर्यंत चढते; मालवणकडे हा फरक बराच कमी असतो. लहान मुले घेऊन जाणाऱ्याने भांगाचे दिवस निवडावेत. कॅलेंडर प्रत्येकाच्या भिंतीवर टांगलेले आहे. रजेचा अर्ज लिहिण्यापूर्वी त्यातील तिथी पाहावी.

यापुढे जे सांगावयाचे ते जीवनमरणाचे आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. ती शिकलीसवरलेली तरुण मुले होती. तेव्हा आमचे मूल शहाणे आहे, त्याला पोहता येते, ही समजूत आधी मनातून काढून टाकावी. विहिरीतले आणि तरणतलावातले पोहणे वेगळे. समुद्राचे पाणी चालते.

लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत कोठून तरी जावयास हवे. ते वाळूतील एखाद्या खोलगट वाटेने जोरात आत परतते. या वाटेवर लाटा कमी फुटतात, पाणी थोडे गडद आणि शांत दिसते. नवखा माणूस म्हणतो, येथे लाटा नाहीत, मुलांना येथेच उतरवू. नेमकी तीच जागा घातकी असते. खाडीच्या मुखाजवळही ओहोटीच्या वेळी अशीच ओढ असते. तेथे कधीच उतरू नये. कोणी त्या ओढीत सापडलाच तर त्याने किनाऱ्याकडे तोंड करून पाण्याशी झुंजू नये. दमणूक होते आणि माणूस दमल्यानेच बुडतो. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून हाक द्यावी, आणि किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे. ही वाट रुंद नसते, बाजूला गेले की लाटा आपल्याला परत आणू लागतात. काठावरच्याने मायेपोटी उडी घेऊ नये. एकाला वाचवावयास दुसरा आणि दुसऱ्याला तिसरा, अशा साखळीनेच एका घरची दोनतीन माणसे जातात. पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला प्लास्टिकचा कॅन आणि त्याला बांधलेली लांब दोरी पाण्याजवळ कायम ठेवावी. ती फेकावी, आरडाओरडा करून कोळ्यांना बोलवावे, ११२ ला कळवावे. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटे धरून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. उताणा निजवून तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे लगेच सुरू करावे. हे कसे करावयाचे ते निघण्यापूर्वी प्रथमोपचाराच्या वर्गात शिकून घ्यावे.

मुलांवर लक्ष ठेवण्याची आमची पद्धत कारखान्यातून उचललेली आहे. सगळे लक्ष ठेवून आहेत, याचा अर्थ कोणीच लक्ष ठेवून नाही. दहा मोठी माणसे गप्पा मारीत बसलेली असतात आणि प्रत्येकाला वाटते, दुसरा पाहतो आहे. म्हणून पाळी लावावी. ज्याच्या गळ्यात शिट्टी, त्याची पाळी. त्याने मोबाईल हातात धरावयाचा नाही, पत्ते खेळावयाचे नाहीत, डोळा लागू द्यावयाचा नाही. अर्धा तास झाला की पुढच्याला शिट्टी देताना मुलांची हजेरी मोजून द्यावी, जशी यंत्रावरची पाळी बदलताना काम समजावून देतात तशी. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाबरोबर हाताच्या अंतरावर एक मोठे माणूस, आणि पाणी मुलाच्या घोट्याच्या वर नाही. परतणारी लाट पायांखालची वाळू ओढून नेते. मोठ्याला गुदगुल्या होतात, लहान मूल आडवे होते. कपडे लाल किंवा पिवळे असावेत. निळे कपडे पाण्यात दिसत नाहीत. वाळूत खड्डे मुलाच्या गुडघ्याहून खोल खणू देऊ नयेत. ओली वाळू एकदम ढासळते. ओहोटीच्या उथळ पाण्यात चालताना पाय उचलून न टाकता घसटत चालावे, म्हणजे वाळूत दडलेली पाकट आधीच बाजूला होते. सूर्य मावळला की कोणीही पाण्यात नाही, ही अखेरची शिस्त.

प्रकृतीच्या बाबतीत दोनचार गोष्टी पुरेत. पिण्याचे पाणी लागेल असे वाटते त्याच्या दुप्पट न्यावे किंवा गावातील विहिरीचे उकळून घ्यावे. मूल खेळात तहान विसरते. त्याला दर तासाला पाणी पाजावे. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घोटघोट द्यावे. येथे चमचा म्हणजे चहाचा. डोक्याला टोपी आणि अंगात सुती बाह्यांचा सदरा असावा. उघड्या अंगाने हिंडलेले मूल रात्रभर रडते.

आता एक नाजूक बाब. सहलीला गेल्यावरही स्टोव्हपुढे तीच बाई बसली, भांडी तिनेच घासली आणि ओले कपडे तिनेच पिळले, तर ती रजा कोणाची झाली? कामगाराला आठवड्याला एक दिवस मिळाला, त्याच्या घरच्या बाईला तो अजून मिळालेला नाही. आमच्या पहिल्या सहलीच्या आधी युनियनच्या कचेरीत बैठक झाली, तेव्हा एका सहकाऱ्याच्या पत्नीने सरळ विचारले, “भाऊ, तिथंही मीच रांधायचं असेल तर मी घरीच बरी. इथं निदान नळ तरी आहे.” त्यावर बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ठराव झाला की, स्वयंपाकाची पाळी पुरुषांची. खिचडी, पिठले, भाकरीऐवजी पाव आणि बाजारातून आणलेले मासे भाजून, एवढ्यावर चार दिवस सुखाने गेले. त्या वहिनींनी दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्यानेच पुळणीवर दोन मैल चालून येण्याचा आनंद घेतला. लग्नानंतर एकटी इतकी चाललेच नव्हते, असे त्या म्हणाल्या.

आणि मुलांना काय मिळते? ओहोटीला खडकांच्या खळग्यांत खेकडे, शंख, चिमुकले मासे यांची शाळा भरलेली असते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावी ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालतात. तेथील गावकऱ्यांनी आणि निसर्गप्रेमी कार्यकर्त्यांनी २००२ सालापासून ही घरटी राखली. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास पिल्ले निघतात आणि वाळूवरून सरपटत समुद्राकडे जातात. पूर्वी जी अंडी पळवली जात, ती आज गाव राखते, हे मुलांना प्रत्यक्ष दाखवण्याजोगे आहे. कासवांच्या किनाऱ्यावर रात्री दिवे लावू नयेत. पिल्ले पाण्याऐवजी दिव्याकडे वळतात. कोणत्याही किनाऱ्यावर आपला कचरा आपल्या पिशवीतून परत न्यावा. ज्या गावाने आपल्याला चार दिवस जागा दिली, त्याच्या अंगणात उष्टे टाकून येणे हे कामगाराच्या सभ्यतेला शोभत नाही.

पण याहून मोठे काही मिळते. आमच्या एका सहकाऱ्याच्या सहा वर्षांच्या मुलाने राहुटीत पडल्या पडल्या बापाला विचारले, “बाबा, समुद्राची रात्रपाळी कधी सुटते?” बाप म्हणाला, “त्याची सुटतच नाही रे.” मुलगा थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “मग त्याची पोरं त्याला कधी बघतात?” तो सहकारी आम्हांला हे सांगताना हसत होता, हसता हसता त्याने तोंड फिरवले. सोळा वर्षांच्या नोकरीत त्याने एकदाही सलग चार दिवसांची रजा घेतलेली नव्हती. त्यानंतर त्याने रजा विकलेली नाही.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. कॅलेंडर उघडावे, दिवाळीनंतरच्या भांगाच्या तिथी पाहाव्यात आणि रजेचा अर्ज लेखी, निदान पंधरा दिवस आधी द्यावा. अर्जाची नक्कल स्वतःजवळ ठेवावी. आपल्या कारखान्यात रजेचे नियम आज कसे आहेत, ते युनियनच्या कचेरीत विचारून घ्यावे. दोनचार कुटुंबांनी एकत्र यावे, एका सुट्टीच्या दिवशी जवळच्या मैदानात राहुटी ठोकून पाहावी, शिट्टी आणि दोरी विकत आणावी, आणि पुरुषांनी पिठले करावयास शिकावे. रविवार मिळवण्यासाठी १०,००० माणसे उन्हात उभी राहिली होती. मिळालेली रजा मुलांसाठी वापरावयास एक अर्ज पुरतो.